लाकडी फरशी

लाकडी फरशी म्हणजे घराच्या जमिनीवर किंवा वरच्या मजल्यावर लाकडाच्या फळ्या, पट्ट्या अथवा ठोकळे एकमेकांस जोडून केलेला चालण्या-बसण्याचा पृष्ठभाग होय. घरगुती वापरात तिचे दोन मुख्य प्रकार आढळतात. संपूर्ण जाडीभर एकाच लाकडाची फळी वापरली जाते ती भरीव फरशी; बाजारात तिला ‘सॉलिड वूड’ म्हणतात. वर अस्सल लाकडाचा पातळ थर आणि खाली प्लायवूड किंवा दाबीव तंतुफलक अशी रचना असते ती थरांची फरशी. ती ‘इंजिनिअर्ड वूड’ या नावाने विकली जाते. वरून पाहिल्यास दोन्ही सारख्याच दिसतात. ओलावा, पाणी, झीज आणि दुरुस्ती यांना मात्र त्या निरनिराळा प्रतिसाद देतात. सातारा व सांगली जिल्ह्यांसारख्या कोरडा उन्हाळा आणि दमट पावसाळा असलेल्या प्रदेशात हा फरक विशेष महत्त्वाचा ठरतो.

नाव व संज्ञा

मराठीत फळ्यांच्या आच्छादनासाठी ‘तक्तपोशी’ हा जुना शब्द आहे. तो फारसीतील ‘तख्ता’ म्हणजे फळी आणि ‘पोश’ म्हणजे आच्छादन यांवरून आला. वाड्यांच्या वर्णनात तो पुष्कळदा छताच्या फळ्यांसाठी येतो. माडीच्या वाड्यात खालच्या खोलीचे छत आणि वरच्या खोलीची जमीन या एकाच फळ्यांच्या दोन बाजू असत, त्यामुळे या शब्दाने दोन्ही अर्थ सूचित होतात. ‘फरशी’ हा शब्द मुळात दगडी किंवा भाजलेल्या लादीचा असला, तरी आता तो कोणत्याही बसवलेल्या जमिनीसाठी रूढ झाला आहे. लहान पट्ट्या विशिष्ट नक्षीत मांडून केलेल्या फरशीस ‘पार्के’ म्हणतात.

इतिहास

युरोपात थंडीपासून बचावासाठी लाकडी जमिनी फार पूर्वीपासून वापरात आहेत. फ्रान्समधील व्हर्सायच्या राजवाड्यात १६८४ मध्ये काही दालनांतील संगमरवरी फरश्या काढून लाकडी पार्के बसवण्यात आली. संगमरवर धुताना खाली झिरपणाऱ्या पाण्याने आधाराच्या तुळया कुजत होत्या, हे त्यामागील कारण होते. स्वीडनमधील गुस्टाफ केहर यांनी थरांच्या लाकडी फरशीचे पेटंट १९४१ मध्ये मिळवले. भरीव फळ्या ऋतुमानानुसार वाकतात व फाटतात, या अडचणीवर उपाय म्हणून ही रचना पुढे आली आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जगभर पसरली.

महाराष्ट्रात लाकडी जमीन ही प्रामुख्याने माडीची होती. वाड्याच्या तळमजल्यावर मुरूम-माती चोपून शेणाने सारवलेली किंवा दगडी फरसबंदी केलेली जमीन असे. वरच्या मजल्यासाठी खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या आणि कड्यांवर तक्ते अशी मांडणी केली जाई. अनेक ठिकाणी तक्त्यांवर मातीचा थर चोपून तोही सारवला जात असे. त्यामुळे पावलांचा आवाज दबे, फटींतून धूळ खाली पडत नसे आणि खोली थंड राही. संपन्न घरांत सागवान, तर इतरत्र ऐन, जांभूळ, फणस यांसारखी स्थानिक लाकडे वापरली जात. वाईजवळील मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा आणि १८०७ साली बांधलेला पुण्याचा विश्रामबागवाडा ही लाकडी सांगाड्याच्या या बांधणीची प्रसिद्ध उदाहरणे होत. या बांधणीची मर्यादाही इतिहासात नोंदली गेली आहे. २७ फेब्रुवारी १८२८ रोजी लागलेल्या आगीत पुण्याच्या शनिवारवाड्याचे लाकडी मजले भस्मसात झाले. दगडी तटबंदी व जोती तेवढी उरली.

विसाव्या शतकात सिमेंट काँक्रीटची स्लॅब आणि तिच्यावर शहाबादी, कोटा, मोझेक व पुढे सिरॅमिक आणि व्हिट्रिफाइड टाइल्स आल्या, तशी माडीची लाकडी जमीन मागे पडली. एकविसाव्या शतकात लाकडी फरशी परत आली ती बहुधा स्लॅबवरील सजावटीचा थर म्हणून. पूर्वी तक्ता स्वतः भार पेलत असे. आज भार स्लॅब पेलते आणि लाकूड केवळ तिच्यावर पसरलेले असते. दोन्ही प्रकारांची तुलना करताना हा बदल ध्यानात घ्यावा लागतो.

लाकूड आणि ओलावा

लाकूड हा आर्द्रताग्राही पदार्थ आहे. झाड तोडल्यावर त्याच्या पेशींतील मोकळे पाणी प्रथम निघून जाते. त्यानंतर पेशीभित्तिकांतील पाणी कमी होऊ लागते आणि आकुंचन सुरू होते. ही मर्यादा कोरड्या लाकडाच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के ओलाव्याला येते. पुढे लाकूड सभोवतालच्या हवेशी समतोल साधते. सुमारे २५ ते ३० अंश सेल्सिअस तापमानात हवेची सापेक्ष आर्द्रता ३० टक्के असेल, तर लाकडातील ओलावा ६ टक्क्यांच्या आसपास स्थिरावतो. आर्द्रता ८० टक्के असेल, तर तो १५ ते १६ टक्क्यांपर्यंत जातो.

हे आकुंचन-प्रसरण सर्व दिशांनी सारखे नसते. लांबीत ते नगण्य असते. रुंदीत किती असेल, हे फळी कशी चिरली त्यावर अवलंबून असते. सागाचे ओल्या अवस्थेपासून पूर्ण कोरडे होईपर्यंतचे आकुंचन वार्षिक वलयांच्या स्पर्शदिशेने सुमारे ५.८ टक्के, तर गाभ्याकडून सालीकडे म्हणजे त्रिज्येच्या दिशेने सुमारे २.५ टक्के असते. अमेरिकी पांढऱ्या ओकसाठी हेच आकडे सुमारे १०.५ व ५.६ टक्के आहेत. साग हे फरशीसाठी उत्तम लाकूड मानले जाण्याचे हे एक प्रमुख कारण आहे.

एका उदाहरणाने याचा व्यावहारिक अर्थ स्पष्ट होतो. स्पर्शदिशेने चिरलेली १०० मिलिमीटर रुंदीची सागाची फळी घेतली आणि तिच्यातील ओलावा ५ टक्क्यांनी बदलला, तर तिची रुंदी सुमारे १ मिलिमीटरने बदलते. ३ मीटर रुंदीच्या खोलीत अशा ३० फळ्या बसतात; म्हणजे एकूण फरक सुमारे ३ सेंटिमीटर होतो. त्रिज्यादिशेने चिरलेल्या फळ्यांत तोच फरक सव्वा सेंटिमीटरच्या आसपास राहतो. फळ्या कोरड्या दिवसांत भिंतीला घट्ट भिडवून बसवल्या, तर पावसाळ्यात या वाढीला जागा मिळत नाही आणि फरशी मध्येच उचलली जाते.

भरीव लाकडी फरशी

भरीव फरशीच्या फळ्या साधारणतः १८ ते २० मिलिमीटर जाडीच्या असतात. फळीच्या एका कडेस जीभ आणि दुसऱ्या कडेस खाच असते. एकीची जीभ दुसरीच्या खाचेत बसवून फळ्या जोडल्या जातात. त्या लाकडी पट्ट्यांच्या चौकटीवर किंवा प्लायवूडच्या थरावर खिळ्यांनी, अथवा स्लॅबवर लवचीक गोंदाने बसवतात.

या फरशीचे मुख्य सामर्थ्य दीर्घायुष्य हे होय. पृष्ठभागावर ओरखडे व डाग पडल्यावर यंत्राने घासून आणि पुन्हा पॉलिश करून ती नव्यासारखी करता येते. एका घासणीत साधारणतः अर्धा ते एक मिलिमीटर लाकूड जाते. मात्र संपूर्ण २० मिलिमीटर जाडी घासण्यास उपलब्ध असते, हा समज चुकीचा आहे. जिभेच्या वरचा सुमारे ६ मिलिमीटरचा भागच वापरता येतो. त्याखाली गेल्यास जोड उघडे पडतात. तरीही चार-पाच घासण्या सहज शक्य होतात आणि नीट जपलेली फरशी दोन-तीन पिढ्या टिकू शकते.

तिची मर्यादा म्हणजे हवामानाबरोबर होणारी हालचाल. उन्हाळ्यात फळ्यांमध्ये फटी दिसतात. पावसाळ्यात फळीच्या कडा वर येऊन ती पन्हळीसारखी होते. अरुंद व त्रिज्यादिशेने चिरलेल्या फळ्या निवडल्यास आणि लाकूड नीट सुकवलेले असल्यास हा दोष पुष्कळ कमी होतो. न सुकवलेले लाकूड वापरणे ही या कामातील सर्वांत महागात पडणारी चूक आहे.

थरांची लाकडी फरशी

थरांच्या फरशीची एकूण जाडी बहुधा १० ते २० मिलिमीटर असते. वरचा अस्सल लाकडाचा थर ०.६ ते ६ मिलिमीटर जाडीचा असतो. त्याखालील प्लायवूडमध्ये प्रत्येक पापुद्र्याचे रेषे शेजारच्या पापुद्र्याशी काटकोनात ठेवून चिकटवलेले असतात. लाकूड लांबीच्या दिशेने जवळजवळ हलत नसल्यामुळे एका थराची रुंदीतील हालचाल शेजारचा थर रोखून धरतो. परिणामी तिच्या रुंद फळ्याही बऱ्याच स्थिर राहतात. ती गोंदाने चिकटवता येते किंवा फोमच्या थरावर न चिकटवता केवळ कडा एकमेकांत अडकवून ‘तरंगती’ बसवता येते.

या फरशीचे आयुष्य मुख्यतः दोन गोष्टींवर ठरते. पहिली म्हणजे वरच्या थराची जाडी. ०.६ मिलिमीटरचा थर यंत्राने घासताच येत नाही. ३ मिलिमीटरचा थर एकदा-दोनदा घासता येतो. ६ मिलिमीटरचा थर या बाबतीत भरीव फळीच्या बरोबरीला येतो, कारण भरीव फळीतही उपयोगी जाडी तेवढीच असते. दुसरी गोष्ट म्हणजे गाभा व गोंद. चांगल्या प्रतीच्या प्लायवूडचा गाभा थोडा ओलावा सहन करतो. तंतुफलकाचा गाभा पाणी शोषून फुगतो आणि वाळल्यावर पूर्वस्थितीत येत नाही. गोंद हलका असल्यास थर सुटतात. हा दोष दुरुस्त करता येत नाही. ती फळीच बदलावी लागते.

मिळत्याजुळत्या फरश्या

दुकानांत ‘वुडन फ्लोअरिंग’ या एकाच नावाखाली इतर पदार्थही दाखवले जातात. लॅमिनेट फरशीत तंतुफलकावर लाकडाचे छायाचित्र छापलेला कागद आणि त्यावर मेलामाइनचा कठीण थर असतो. तिच्या पृष्ठभागावर खरे लाकूड नसते आणि ती घासून नवी करता येत नाही. स्वीडनमधील पेरस्टॉर्प कंपनीने ती १९७० च्या दशकात विकसित केली. व्हिनाइलच्या पट्ट्या प्लास्टिकच्या असतात. त्या पाणी सहन करतात, पण लाकडाशी त्यांचा संबंध केवळ रूपापुरता असतो. बांबूच्या पट्ट्या दाबून केलेली फरशी हा आणखी एक पर्याय आहे. बांबू ही गवतवर्गीय वनस्पती असून ती काही वर्षांतच तोडणीस येते. विकत घेणाऱ्याने नमुना फळीची कापलेली कड पाहिली, तर हे सर्व प्रकार तत्काळ वेगळे ओळखता येतात: भरीव फळीत रेषे वरून खालपर्यंत सलग दिसतात, थरांच्या फळीत पापुद्रे दिसतात आणि लॅमिनेटमध्ये तपकिरी भुश्यासारखा एकजिनसी गाभा दिसतो.

तुलना

| बाब | भरीव फरशी | थरांची फरशी |
|---|---|---|
| रचना | एकाच लाकडाची फळी | वर लाकूड, खाली प्लायवूड किंवा तंतुफलक |
| एकूण जाडी | १८ ते २० मिमी | १० ते २० मिमी |
| घासण्याजोगी जाडी | सुमारे ६ मिमी | वरच्या थरानुसार, फार तर ६ मिमी |
| ऋतूनुसार हालचाल | अधिक | कमी |
| स्लॅबवर बसवणे | चौकट, प्लायवूड किंवा विशेष गोंद | गोंदाने किंवा तरंगती |
| पाणी साचल्यास | वाळवून पुष्कळदा वाचवता येते | थर सुटण्याचा किंवा गाभा फुगण्याचा धोका |
| स्थानिक सुताराकडून दुरुस्ती | शक्य | मर्यादित |
| उखडून पुन्हा वापर | खिळ्यांनी बसवली असल्यास शक्य | तरंगती असल्यासच शक्य |

सातारा-सांगली परिसरातील स्थिती

सातारा जिल्ह्यात थोड्या अंतरात हवामान झपाट्याने बदलते. पश्चिमेस महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पूर्वेस माण व खटाव तालुक्यांत तो सुमारे ५०० मिलिमीटरच्या आसपास असतो. कोरेगाव तालुक्यातील रहिमतपूर हे गाव या दोन टोकांच्या मधल्या पट्ट्यात येते. या पट्ट्यात मार्च-एप्रिलच्या दुपारी हवा अतिशय कोरडी असते, तर जुलै-ऑगस्टमध्ये सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या घरात पोहोचते. घराच्या आतील लाकूड हा बदल सावकाश स्वीकारत असले, तरी वर्षभरात त्याच्या ओलाव्यात ४ ते ६ टक्क्यांचा चढउतार गृहीत धरावा लागतो. कोकणात आर्द्रता एकूण अधिक असूनही ती तुलनेने स्थिर असते. लाकडाला सतत दमट हवेपेक्षा कोरड्या-ओल्याची ही वार्षिक ये-जा अधिक त्रास देते.

दुसरी बाब जमिनीची. कृष्णा व तिच्या उपनद्यांच्या काठच्या काळ्या मातीत पाणी दीर्घकाळ टिकून राहते, ओलीने ती फुगते आणि उन्हात भेगाळते. अशा जागी बांधलेल्या घराच्या जोत्यात ओल चढण्याचा संभव असतो. जुन्या घरांत जोत्याच्या पातळीला ओलप्रतिबंधक थर नसेल, तर तळमजल्यावर कोणत्याही प्रकारची लाकडी फरशी जोखमीची ठरते. वरच्या मजल्यावर ही अडचण नसते. वाड्यांतील लाकडी जमीन माडीवरच का असे, याचे एक उत्तर यात सापडते.

तिसरी बाब पुराची. सांगली शहर व कृष्णाकाठच्या गावांनी २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये मोठे पूर अनुभवले. पूररेषेतील घराच्या तळमजल्यावर थरांची फरशी घातल्यास एकाच पुरात ती पूर्णपणे निकामी होऊ शकते. भरीव सागाच्या फळ्या काढून, गाळ धुऊन, सावलीत वाळवून परत बसवता येण्याची शक्यता राहते. परंतु त्यासाठी त्या गोंदाने नव्हे तर खिळ्यांनी किंवा स्क्रूने बसवलेल्या असाव्या लागतात. अशा घरात तळमजल्यावर दगडी किंवा भाजलेल्या टाइल्सची फरशी ठेवून लाकूड वरच्या मजल्यापुरते वापरणे अधिक सुरक्षित होय.

बसवण्याची पद्धत

नवी स्लॅब किंवा कोबा पूर्ण सुकल्याखेरीज लाकूड बसवू नये. पाणी मारण्याचा काळ संपल्यावरही काँक्रीट सुकण्यास अनेक आठवडे लागतात. साधी चाचणी अशी: सुमारे अर्धा मीटर लांब-रुंद प्लास्टिकचा तुकडा जमिनीवर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात व एक दिवस तसाच राहू द्यावा. उचलल्यावर आतल्या बाजूस पाण्याचे थेंब दिसले किंवा काँक्रीट काळपट पडले, तर ओल शिल्लक आहे असे समजावे. लाकडाचा ओलावा मोजण्यासाठी विद्युत ओलावामापक मिळतो. भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस २८७ या मानकात देशाचे आर्द्रतेनुसार चार विभाग करून निरनिराळ्या कामांसाठी लाकडातील ओलाव्याच्या मर्यादा दिल्या आहेत. लाकडी जमिनीच्या बांधणीसाठी आयएस ३६७० हे मानक आहे.

पाया सपाट असावा. २ मीटर लांबीत ३ मिलिमीटरपेक्षा अधिक चढउतार नसावा. काँक्रीट आणि चौकट, प्लायवूड किंवा तरंगती फरशी यांच्यामध्ये पॉलिथिनचा बाष्परोधक थर पसरतात. फरशी थेट चिकटवायची असल्यास त्याऐवजी काँक्रीटवर ओलरोधक लेप देतात. लाकूड आधी त्याच खोलीत काही दिवस ठेवून तेथील हवेशी जुळू द्यावे. भरीव लाकडासाठी हा काळ एक-दोन आठवड्यांचा धरतात. थरांच्या फरशीसाठी उत्पादकाची सूचना पाळतात. भिंतीलगत चारही बाजूंनी १० ते १२ मिलिमीटर मोकळी फट ठेवून ती वरून स्कर्टिंगच्या पट्टीने झाकतात. ही फट म्हणजे पावसाळ्यातील वाढीसाठी राखलेली जागा होय. ती सिमेंटने किंवा लांबीने भरू नये.

ऋतूची निवडही महत्त्वाची आहे. एप्रिल-मे महिन्यांत बसवलेल्या फळ्या अतिशय कोरड्या असल्याने पावसाळ्यात फुगून उचलल्या जातात. पावसाळ्यात बसवलेल्या फळ्यांत उन्हाळ्यात रुंद फटी पडतात. दिवाळीनंतरचे नोव्हेंबर-डिसेंबर हे महिने, जेव्हा लाकडातील ओलावा वर्षाच्या सरासरीजवळ असतो, या प्रदेशात सर्वांत सोयीचे ठरतात.

खर्चाचा हिशेब

सागवान वखारीत घनफुटाने विकले जाते, तर तयार फरशी चौरस फुटाने. त्यामुळे दोन्हींची थेट तुलना करताना गोंधळ होतो. १० फूट × १२ फूट खोलीचे क्षेत्रफळ १२० चौरस फूट भरते. १ इंच जाडीच्या कच्च्या फळ्या घेतल्यास तिला १० घनफूट लाकूड लागते. रंधाकाम, जीभ-खाच व तुकड्यांची नासाडी धरता प्रत्यक्षात ११ ते १२ घनफूट घ्यावे लागते. ३ मिलिमीटर थराच्या फरशीत तेवढ्याच खोलीसाठी सागाचे प्रमाण सव्वा घनफुटाहूनही कमी असते. बाकी भाग जलद वाढणाऱ्या झाडांच्या लाकडाचा असतो. थरांच्या फरशीची किंमत कमी का असते आणि वनांवरील ताण ती कमी कसा करते, हे या हिशेबावरून स्पष्ट होते. तयार फरशी घेताना क्षेत्रफळापेक्षा ५ ते १० टक्के माल अधिक घेतात आणि उरलेल्या फळ्या पुढील दुरुस्तीसाठी जपून ठेवतात.

फळीच्या दरात पाया सपाट करणे, प्लायवूड, बाष्परोधक थर, स्कर्टिंग, पॉलिश आणि दरवाज्यांच्या फळ्या खालून कापणे यांचा खर्च मिळवावा लागतो. त्यानंतर एकूण रक्कम अपेक्षित वर्षांनी भागून पाहावी. पंधरा वर्षांत बदलावी लागणारी स्वस्त फरशी आणि दोन-तीनदा घासून पन्नास वर्षे वापरता येणारी महाग फरशी यांतील खरी तफावत पहिल्या पावतीवर दिसत नाही. मात्र भाड्याच्या किंवा लवकरच विकावयाच्या घरात दीर्घायुष्याचा लाभ मालकास मिळत नाही, हेही तितकेच खरे.

कीड, आग व आरोग्य

सागाच्या मध्यकाष्ठातील नैसर्गिक द्रव्यांमुळे वाळवी त्यास सहसा लागत नाही. कडेच्या फिकट रसकाष्ठाला हे संरक्षण नसते. म्हणून फळी निवडताना फिकट पट्टा असलेली फळी बाजूला काढावी. भारतीय वर्गीकरणात सागाचा समावेश १२० महिन्यांहून अधिक टिकणाऱ्या पहिल्या वर्गात होतो. ही चाचणी लाकूड उघड्यावर जमिनीत पुरून घेतली जाते, घरातील आयुष्य याहून कितीतरी अधिक असते. थरांच्या फरशीत वरचा थर सागाचा असला, तरी गाभा हलक्या लाकडाचा असतो. त्यामुळे गाभ्यावर कीडप्रतिबंधक प्रक्रिया झाली आहे की नाही, याची खात्री करावी. दोन्ही प्रकारांत बांधकामाच्या वेळीच जमिनीवर वाळवीप्रतिबंधक प्रक्रिया करणे श्रेयस्कर.

थरांच्या गोंदातून फॉर्माल्डिहाइड वायू सुटू शकतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये त्याची गणना मानवातील कर्करोगकारक द्रव्यांत केली. उत्सर्जनाच्या मर्यादेनुसार फलकांवर ‘ई-१’, ‘ई-०’ अशा खुणा असतात. शयनगृहासाठी किमान ई-१ दर्जाचा माल घ्यावा व बसवल्यावर काही दिवस खिडक्या उघड्या ठेवाव्यात. सागाच्या बारीक भुश्यानेही काहींना त्वचेचा व श्वसनाचा त्रास होतो. म्हणून यंत्राने घासण्याच्या वेळी घर रिकामे ठेवणे व कामगारांनी मुखपट्टी वापरणे आवश्यक आहे. लाकूड ज्वलनशील असल्याने देवघरातील समई-निरांजनाखाली दगडी किंवा धातूचा तुकडा ठेवणे इष्ट.

निगा

महाराष्ट्रीय घरांत चपला दाराबाहेर काढण्याची रीत लाकडी फरशीस अनुकूल आहे. रोज ओल्या फडक्याने जमीन पुसण्याची किंवा सणावाराला पाणी ओतून धुण्याची रीत प्रतिकूल आहे. लाकडी फरशी मऊ केरसुणीने झाडावी आणि घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसावी. फिनेल व आम्लयुक्त द्रव्ये वापरू नयेत. पलंग-कपाटांच्या पायांखाली नमद्याचे तुकडे चिकटवावेत. स्वयंपाकघर, न्हाणीघर व धुण्याची जागा येथे दोन्ही प्रकार टाळणे योग्य.

पूर्वी तक्त्यांना जवसाचे तेल किंवा मेण चोळले जाई. तेलाचा हात दिलेली फरशी घरच्या घरी, तुकड्यातुकड्याने दुरुस्त करता येते, पण तिला वरचेवर तेल द्यावे लागते. पॉलियुरेथेनचा लेप अधिक टिकाऊ व पाणी अडवणारा असतो. तो झिजल्यावर मात्र बहुधा संपूर्ण खोली एकदम घासावी लागते.

जुन्या तक्त्यांचा पुनर्वापर

वाडे उतरवले जातात तेव्हा निघणाऱ्या तुळया, कड्या व तक्ते जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्यांकडे जातात. अनेक दशके सुकलेले हे सागवान नव्या लाकडापेक्षा पुष्कळदा अधिक स्थिर असते. पुन्हा चिरण्यापूर्वी त्यातील खिळे काढणे, पोखरलेले भाग छाटणे आणि कीडप्रतिबंधक लेप देणे आवश्यक असते. जुने घर स्वतःच दुरुस्त करावयाचे असल्यास माडीचे तक्ते काढून टाइल्स बसवण्यापूर्वी भाराचा विचार करावा. सागाची घनता घनमीटरला सुमारे ६५० किलोग्रॅम असल्याने २० मिलिमीटर जाडीच्या तक्त्यांचा भार चौरस मीटरला सुमारे १३ किलोग्रॅम पडतो. तेवढ्याच जाडीच्या दगडी फरशीचा भार ५० किलोग्रॅमच्या पुढे जातो आणि तिच्या खालच्या सिमेंटच्या थराचे वजन त्यात मिळवावे लागते. जुन्या तुळया तो पेलतीलच असे नाही. मजला खचल्यास माणसांच्या जिवावर बेतू शकते. म्हणून असा बदल स्थापत्य अभियंत्याच्या तपासणीशिवाय करू नये.

कायदा व उपलब्धता

महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड विनियमन कायद्यानुसार खासगी जमिनीतील सागाचे झाड तोडण्यासही परवानगी लागते. लाकडाच्या वाहतुकीसाठी वन विभागाचा वाहतूक परवाना आवश्यक असतो. वखारीतून सागवान घेताना पावती घेऊन ती जपून ठेवावी. म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून गोल लाकडाची निर्यात बंद केली. ‘बर्मा टीक’ या नावाने विकल्या जाणाऱ्या मालाचे मूळ त्यामुळे विशेष काळजीने तपासावे लागते. भारतीय वन अधिनियमातील २०१७ च्या दुरुस्तीने बांबू ‘झाड’ या व्याख्येतून वगळण्यात आला.

निवड

दोन प्रकारांत सर्वत्र श्रेष्ठ असा एक प्रकार नाही. स्वतःचे, दीर्घकाळ राहावयाचे घर, कोरडा वरचा मजला, सुकवलेल्या सागाची उपलब्धता आणि जाणता सुतार या चार गोष्टी जुळत असतील, तर भरीव फरशी योग्य ठरते. स्लॅबवरील सदनिका, वातानुकूलित खोली, रुंद फळ्यांची आवड किंवा मर्यादित खर्च असेल, तर किमान ३ मिलिमीटर वरचा थर व प्लायवूडचा गाभा असलेली थरांची फरशी अधिक सोयीची. तळमजल्यावर ओल असेल किंवा घर पूररेषेत असेल, तर आधी ओलीचा बंदोबस्त करावा. तो शक्य नसल्यास लाकूड टाळावे. या प्रदेशात फरशी किती टिकेल हे केवळ तिच्या प्रकारावर ठरत नाही. लाकूड किती सुकवले, पाया किती कोरडा होता आणि भिंतीलगत फट सोडली होती की नाही, यांवरही ते तितकेच अवलंबून असते.

हेही पहा

साग
प्लायवूड
वाडा (वास्तुप्रकार)
वाळवी
बांबू
शहाबादी फरशी